गुडघे टेकणे : वाक्यात उपयोग

आमच्या कॉलेजच्या स्टाफरूमचं दार रोज सकाळी साडेअकराला मोरेश्वरच्या तोंडावर धाडकन बंद व्हायचं, आणि मोरेश्वरची त्याला काही हरकत नसायची. मोरेश्वर म्हणजे प्राचार्यांचा शिपाई. प्राचार्यांची नोटीस घेऊन तो व्हरांड्यातून येताना दिसला की इतिहासाचे सर हातातला चहा खाली ठेवायचे, दाराशी जायचे आणि त्याच्या नाकासमोर दार लावून घ्यायचे. मग बाहेरून छत्रीच्या मुठीनं तीनदा टकटक. सर दार उघडायचे, "या" म्हणायचे, नोटीस घ्यायचे आणि आम्हा सगळ्यांना खड्या आवाजात वाचून दाखवायचे.

एकदा सर कुणाशी तरी वाद घालण्यात रंगले होते आणि दार उघडंच राहिलं. मोरेश्वर उंबऱ्याशी येऊन ताटकळला. बराच वेळ या पायावरून त्या पायावर झाल्यावर म्हणाला, "सर, लावा ना जी दार. मले अजून लायब्ररीत जायाचं हाय."

मी त्या कॉलेजात नवी होते. हा प्रकार काय आहे ते विचारलं, तर सरांनी मला लंडनला नेलं. तिथे राजाचा निरोप्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाकडे आला की त्याच्या तोंडावर आजही दार लावतात. त्याच्या हातात काळी काठी असते, त्यानं ती तीनदा आपटायची, मग आत घ्यायचं. "का, तं एक राजा एकदा शिपाई घेऊन तसाच आत घुसला होता," सर म्हणाले. "तवापासून त्याहीनं ठरवलं, आमच्या खोलीत आमच्या मर्जीनं याचं." मोरेश्वरकडे काठी नव्हती, छत्री होती. त्यावर सरांनी भागवलं. कॉलेजभर त्याचं नावच काळी छत्री पडलं होतं, आणि त्याला त्याचा अभिमान होता.

मी मराठी शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते: दर जुलैत संस्थेकडून एक कागद येतो, त्याला आम्ही ऑर्डर म्हणतो. तो आला तर तुम्ही प्राध्यापक. नाही आला तर का नाही आला हे कोणी सांगत नाही, विचारायला गेलं तर खुर्चीही देत नाहीत. कॉलेजात आल्यापासून मी सात जुलै असे काढले होते. त्यामुळे या गृहस्थांचा राजाबिजांशी चाललेला खेळ बघून मला गंमतही वाटायची आणि रागही यायचा. त्यांची नोकरी कायम होती. कायम नोकरीवाल्याला लंडन परवडतं.

सर कुही या गावाकडचे. घरी धानाची शेती, तीन भाऊ शेतावर आणि हे एकटे पुस्तकात. पण हिवाळ्यात नवा तांदूळ आला की स्कूटरवर पोतं बांधून यायचे आणि स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या डब्यात वाटी वाटी ओतायचे. इंग्लंडचा इतिहास अभ्यासक्रमातून केव्हाच गेला होता. सरांनी तो जाऊ दिला नव्हता. पेपर शिवकालाचा असो की आधुनिक भारताचा, तिसऱ्या तासाला सर लंडनात. "इकडं रायगडावर राज्याभिषेक होऊन राहिला, तवा तिकडं त्यांचा राजा काय करून राहिला होता?" असं म्हणून जे निघायचे ते सत्र संपेपर्यंत परत येत नसत. पोरांची मात्र तक्रार नसायची. सरांच्या तासाला राजा आरडाओरडा करायचा, सभागृह कर मंजूर करायचं नाकारायचं, राजा सभाच बरखास्त करायचा, मग पुन्हा कर पाहिजे म्हणून नाक मुठीत धरून बोलवायचा. या सगळ्या भूमिका सर एकटे करायचे.

त्या भांडणात एकदा लष्करानं अर्धंअधिक सभागृह हाकलून दिलं आणि मागे उरले त्यांना लोकांनी चिडवायचं एक नाव ठेवलं. जनावराच्या मागच्या भागाला जो शब्द आहे तोच. आमच्या पुस्तकात त्याचं भाषांतर 'उर्वरित संसद' असं सभ्य केलेलं आहे. सरांना ते पटेना. "बैलाच्या मागच्या अंगाले आमी काय म्हणतो? पुठ्ठा. मंग पुठ्ठा पार्लमेंट म्हणा ना." पोरांनी परीक्षेत इमानदारीत 'पुठ्ठा पार्लमेंट' लिहिलं. पेपर बाहेरच्या परीक्षकाकडे गेले. त्यानं चाळीस उत्तरपत्रिकांवर लाल शाईनं एकच शेरा मारला: 'संसद पुठ्ठ्याची नव्हती, दगडी होती.' सरांनी त्यातली एक उत्तरपत्रिका मिळवून तिची झेरॉक्स आपल्या कपाटाच्या आत चिकटवली होती. उदास वाटलं की कपाट उघडून वाचायचे.

ते पक्के सभागृहाच्या बाजूचे. तरी तीस जानेवारीला हुतात्मा दिनाचं दोन मिनिटांचं मौन असतं ना, त्यात मी एकदा त्यांना पुटपुटताना पाहिलं. नंतर विचारलं, तर म्हणाले, इंग्लंडच्या त्या चार्ल्स राजाचं डोकं उडवलं तोही तीस जानेवारीच. "पावणेदोन मिनिटं आपल्या महात्म्याची. पंधरा सेकंद त्याले देतो."

"पण सर, तुम्ही तर त्याच्या विरुद्ध."

"विरुद्ध हाय म्हणून मुंडकं कापाचं काय? राजाले घरी बसवाचं, माराचं नाही. राजा वाईट नसतो वं बाई. त्याले 'नाही' ऐकाची सवय नसते, बस."

आमचे राजेही तसेच होते. संस्थेचे अध्यक्ष. माणूस वाईट नव्हता. कोणी आजारी पडलं तर रामदासपेठेतल्या डॉक्टरला स्वतः फोन करायचा. फक्त कॉलेज आणि आपलं घर यांच्यामध्ये भिंत आहे हे त्यांना कधी कोणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दिवाळीची सुट्टी संपताच मोरेश्वर एक नोटीस घेऊन आला. दार लागलं, टकटक झाली, सरांनी वाचायला सुरुवात केली आणि त्यांचा आवाज हळूहळू खाली आला. लग्नात सर्व प्राध्यापकांना ड्यूटी होती. भौतिकशास्त्र: रोषणाई. वाणिज्य: पार्किंग. मराठी: अक्षता वाटप. इतिहास: चपला.

सर म्हणाले, "चपला सांभाळाले माही ना नाही. कोण्या लग्नात मी पंगत वाढली नाही? पण बोलावणं कुठं हाय? हा तं हुकूम हाय." मग अर्थातच लंडन. त्या चार्ल्सनं जहाजांसाठी कर बसवला होता. पूर्वी तो लढाईच्या काळात आणि समुद्राकाठच्या गावांकडून घेत. यानं लढाई नसताना आणि जिथे समुद्र कोणी पाहिलाही नाही अशा गावांकडूनही मागितला. "आज चपला राखल्या तं उद्या अध्यक्षांच्या नातवाचं बारसं हाय. मंग पाळण्याची दोरी कोण्या विभागाकडं?"

सगळे हसले. मी हसले नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. सर स्टाफ कौन्सिलचे सचिव होते. त्यांनी सभा बोलावली आणि मी उठून ठराव मांडला: खाजगी कार्यात प्राध्यापकांना नोटीस काढून काम देऊ नये. अनुमोदन दिलं माझ्यासारख्याच चार तासिकावाल्यांनी. कायम मंडळी पंख्याकडे बघत होती. सरांनी ठरावाच्या रजिस्टरमध्ये सगळं सावकाश लिहून घेतलं, सूचक, अनुमोदक, आणि रजिस्टर कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. सभा उठल्यावर माझ्या लक्षात आलं की मी माझी पुढच्या जुलैची ऑर्डर स्वतःच्या हातानं फाडली आहे. घरी भावाचं शिक्षण चालू होतं. 

चौथ्या दिवशी अध्यक्ष स्टाफरूममध्ये आले. मोरेश्वर नाही, टकटक नाही. दार ढकलून सरळ आत. बरोबर दोन कार्यकर्ते. आम्ही सगळे उभे राहिलो. अध्यक्षांनी खोलीतून नजर फिरवली आणि विचारलं, "पाच जण आहेत म्हणे. कोण कोण आहेत, जरा पाहू द्या ना मले. सचिव कोण? रजिस्टर काढा."

सर उठले. टेबलाला धरत धरत पुढे आले. आणि मग त्यांनी जे केलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. त्यांनी आधी डावा गुडघा फरशीवर टेकला, मग उजवा. हात जोडले. साठीला आलेला माणूस. आणि एकदम पुस्तकी मराठीत म्हणाले, "महाराज, या खोलीत मला डोळे नाहीत आणि जीभही नाही. हे सभागृह दाखवील तेवढंच मला दिसतं, सांगेल तेवढंच बोलता येतं. आपली क्षमा मागतो."

 अध्यक्षांचा चेहरा मी बघत होते. रागानं आला होता माणूस, तो आधी गोंधळला, मग ओशाळला, मग हळूहळू फुलला. "अरे उठा ना सर," ते म्हणाले, "असं काय करून राहिले? वयानं मोठे आहात तुम्ही." त्यांनी स्वतः दंडाला धरून सरांना उठवलं. "जाऊ द्या. झालं ते झालं. कोणाले ड्यूटी नको, काही नको. पाहुणे म्हणून या सगळे." पाच नावांचं त्यांच्या डोक्यातूनच गेलं. दोनपैकी एका कार्यकर्त्यानं मात्र मोबाइलवर फोटो काढून घेतला होता.

ते गेल्यावर सर खुर्चीत बसून गुडघे चोळू लागले. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. ज्या माणसानं वर्षानुवर्षं शिपायाच्या तोंडावर दारं लावली, तो खरा राजा आल्यावर फरशीवर. "याच्यापेक्षा नोकरी गेली असती तर बरं," मी सगळ्यांसमोर म्हटलं, "असले भित्रे सचिव असल्यावर ठराव कशाला करायचे?" सरांनी माझ्याकडे पाहिलं देखील नाही. "चहा सांगा गा कोणी," एवढंच म्हणाले.

तो फोटो संध्याकाळपर्यंत सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली दोन शब्द: गुडघे टेकले. पोरं व्हरांड्यात एकमेकांसमोर गुडघ्यावर बसून दाखवू लागली. मीही काही कमी केलं नाही. पहिल्या वर्षाला मी व्यावहारिक मराठी शिकवते, त्यात वाक्प्रचार असतात. 'गुडघे टेकणे'चा वाक्यात उपयोग करा म्हटलं, तर वैष्णवी नावाची एक पोरगी उठली. "मॅडम, अध्यक्षांसमोर इतिहासाच्या सरांनी गुडघे टेकले." वर्ग खदखदून हसला. मी तिला रागवायला हवं होतं. मी म्हटलं, "बरोबर. बसा."

सर लग्नाला गेले. चपला राखल्या नाहीत. बुफेवर दोनदा ताट भरून घेतलं, वरून जिलबी. मी एका कोपऱ्यातून बघत होते. लाज नावाची वस्तू कुहीकडे पिकत नसावी, असं माझ्या शेजारच्या मॅडमना मी म्हटलंही.

डिसेंबरात सर धानाच्या मळणीसाठी आठ दिवस रजेवर गेले आणि त्यांचा एक तास माझ्यावर आला. मी म्हटलं, पोरांना वही उघडायला सांगू, वाचत बसा म्हणू. विचारलं, कुठपर्यंत आलात? एक पोरगा म्हणाला, "मॅडम, राजा सभागृहात घुसला तिथवर. दिवाळीच्या आधीच झालं ते, आता उजळणी हाय."

"मग पुढे वाच."

"वाचत नाही मॅडम, सर करून दाखवतात. आमाले येते."

मी हो म्हणायच्या आत तिघे उठले. एक राजा झाला, कॉलर ताठ करून दारातून आत आला. पाच सदस्यांना पकडायला आलोय म्हणाला, कुठे आहेत ते? कोणी बोलेना. तेव्हा त्यानं सभापतीला विचारलं. सभापती झाली होती वैष्णवी. ती पुढे आली, दोन्ही गुडघे टेकले, हात जोडले आणि म्हणाली, "महाराज, या खोलीत मला डोळे नाहीत आणि जीभही नाही." पुढचं सगळं अक्षरशः तेच, क्षमेसकट. मग उठून गुडघे झटकत मला म्हणाली, "हे खरंच झालं होतं मॅडम. राजाले मान दिला, पण नावं नाही देल्ली. राजा हात हालवत परत गेला. पुढं त्याचं काय झालं ते तुमाले माहीतच हाय."

मला माहीत नव्हतं. मला काहीच माहीत नव्हतं.  मराठीत गुडघे टेकणे म्हणजे शरण जाणे, हे मी वर्षानुवर्षं शिकवत आले. गुडघे टेकूनही माणूस नाही म्हणू शकतो, हे माझ्या वाक्प्रचारांच्या यादीत नव्हतं. मी वैष्णवीला विचारलं, "मग माझ्या तासाला तू ते वाक्य का म्हटलंस?"

"गंमत केली मॅडम. आमच्या इतिहासवाल्याईले सगळ्याईले माहीत होतं. तुमी हासान असं वाटलं. तं तुमी बरोबर म्हटलं. मंग आमी गप बसलो."

सर परत आल्यावर मी चार वेळा त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. चारही वेळा त्यांनी मला तोंड उघडू दिलं नाही. कधी पिरेड आहे, कधी स्कूटर पंक्चर. मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, अध्यक्षांचं भाषण. अध्यक्ष त्यात म्हणाले की नम्रता शिकावी तर सरांकडून. माझ्याकडे सूत्रसंचालन होतं; खरं काय ते सांगून टाकावं म्हणून मी माइक घट्ट धरला, पण सर समोरून माझ्याकडे असे बघत होते की मी पुढचं नाव पुकारलं.

जूनमध्ये ज्याची धास्ती होती तेच झालं. निवृत्त सचिवाकडचं रजिस्टर संस्थेनं मागितलं; अध्यक्षांना ते पाच जण पुन्हा आठवले होते. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हा मनुष्य शांत, कमी बोलणारा, सगळ्या नोटिसांवर त्याचीच सही असायची आणि एकाही नोटिशीवर त्याचं मत नसायचं. त्यांच्यासमोर रजिस्टर उघडं होतं. आमच्याच ठरावाचं पान. 

"मॅडम, अक्षर लागत नाही आहे. जरा वाचून द्या," ते म्हणाले.

अक्षर तर मोत्यासारखं होतं. सूचक म्हणून एक नाव, अनुमोदक म्हणून चार. पाचही इंग्रज. चार्ल्स राजा ज्यांना धरायला सभागृहात शिरला होता तेच पाच, सुवाच्य देवनागरीत. प्रत्येकासमोर विभाग लिहिला होता; दोघं वाणिज्यचे होते आणि एक जण रजेवर. माझं नाव कुठेही नव्हतं. त्या दिवशी माझ्या डोळ्यांदेखत सर हे लिहीत होते आणि मी समजत होते की ते माझं नाव लिहीत आहेत. अध्यक्ष स्टाफरूममध्ये आले तेव्हाच त्यांच्या हाती रजिस्टर पडलं असतं तर पाच नोकऱ्या वाचल्या असत्या आणि खोटी नोंद केली म्हणून सरांची पेन्शन अडकली असती.

"हे पाच जण पे-बिलात सापडत नाहीत," प्राचार्य म्हणाले. "तुम्ही ओळखता?"

"नाही सर." मग मी म्हटलं, "इतिहासातले असावेत."

प्राचार्यांनी रजिस्टर आपल्याकडे ओढलं. त्यांनी पेन काढलं आणि पानाच्या खाली शेरा लिहिला: 'सदर पाचही सदस्य दिवंगत असल्यामुळे कारवाईचा प्रश्न उद्भवत नाही.' खाली सही.

"सर, हे असं..."

"यातला कोणता शब्द चूक आहे ते सांगा मॅडम. मराठी तुमचा विषय आहे."

रजिस्टर संस्थेत गेलं आणि आठवड्यानं परत आलं. शेऱ्याखाली अध्यक्षांनी हिरव्या शाईत लिहिलं होतं: 'पाहिले. फार वाईट झाले.'

जुलैत आम्हा पाचांच्याही ऑर्डरी आल्या. मी माझी पर्समध्ये घातली आणि कुहीची बस पकडली. धानाची रोवणी, म्हणजे लावणी, चालू होती. सर बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, पोटऱ्यांपर्यंत चिखलात उभे होते, पँट वर खोचलेली, हातात पऱ्ह्याची, भाताच्या रोपांची, जुडी. मला पाहून शेताच्या कडेला धुऱ्यावर येऊन बसले. मी ऑर्डर दाखवली. प्राचार्यांचा शेरा सांगितला, हिरवी शाई सांगितली. ते इतके हसले की रोवणाऱ्या बाया वाकल्या जागी थांबून बघू लागल्या.

मग मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. "सर, मी तुम्हाला भित्रा म्हटलं. सगळ्यांसमोर. माझी चूक झाली, आणि ती मला झोपू देत नाही. तुम्ही मला एकदा तरी सांगायचं होतं."

"सांगतलं असतं तं तुमच्या तोंडावर दिसलं असतं," सर म्हणाले. त्यांनी हाताचा चिखल गवताला पुसला. "त्या दिवशी अध्यक्ष बाहेर गेले, पण गाडीत नव्हते बसले. व्हरांड्यात उभे होते. मले वाटे, हा मानूस परत येते का काय. तेवढ्यात तुमी मले भित्रा म्हटलं, चांगलं जोरात. ते ऐकलं अन् मंगच गेले ते."

मी हातातल्या ऑर्डरीची घडी घातली.

"तुमी जर हासल्या असत्या ना वं बाई, तं त्याहीले समजलं असतं. मी खरंच शरण आलो असं त्याहीनं मानलं ते तुमच्या शिवीपायी. पाचाईच्या नोकऱ्या तुमीच वाचवल्या, मी तं नुसता खाली बसलो." त्यांनी जुडीतल्या रोपांच्या चार चुडा सोडवून माझ्याकडे केल्या. "आता रडू नका. बाया पाहून राहिल्या. चपला काढा अन् या, चार चुडा तुमीबी लावा."

मी चपला धुऱ्यावर काढल्या आणि त्यांच्या मागे चिखलात उतरले.